सल्ला सदर: ५२ मधून २७ गेले, उरले ३५?

पत्र मोठं होतं, थोडक्यात देते. "बाई, मी मूळची सोलापूरकडची. दोन वर्षांपूर्वी गुहागर तालुक्यात एका वाडीवरच्या शाळेत ऑर्डर मिळाली. पट १७, शिक्षक दोन, माझ्याकडे तिसरी-चौथी एकत्र. गणितात मुलं हातच्याच्या वजाबाकीत अडकतात, ५२ वजा २७ चं उत्तर ३५ लिहितात, कितीदा सांगितलं तरी. पाढे घडाघडा म्हणतात पण सहा साते किती विचारलं की पहिल्यापासून सुरू. ग्रुपवर रोज नवनवीन आयडिया येतात, त्या बघून मी स्वतःचे तीन हजार घालून कार्डं, चक्रं, लॅमिनेशन सगळं केलं. मुलं मजेत खेळतात, पण वहीत पुन्हा ३५. आता मला काही सुचत नाही. काही नवीन आयडिया आणि थोडी प्रेरणा द्या."

अगं, आधी त्या तीन हजारांचं बोलू. माझ्या नोकरीच्या सुरुवातीला मी अख्खी दिवाळीची सुट्टी घालवून पुठ्ठ्याचं घड्याळ, फळांचे तक्ते, एक ते शंभरचा चार्ट असं सगळं केलं होतं, जूनमध्ये शाळा उघडली आणि आषाढ संपायच्या आत सगळ्यावर हिरवी बुरशी. तू देशावरची, तिकडे कागद वर्षानुवर्षं टिकतो, इथे चार महिने भिंतीसुद्धा घाम गाळतात. लॅमिनेशनच्या कडेतनं पण ओल शिरते, बघशील. पण बुरशी नसती तरी मी तुला हेच सांगितलं असतं, की तुझ्याकडे आयडियांचा दुष्काळ नाहीये, उलट जरा जास्तच झाल्यात. तुझ्या पत्रात सगळ्यात कामाची गोष्ट ते ३५ आहे, आणि तू त्याच्यावरून नुसती पुढे गेलीस.

३५ कुठून आलं बघ. सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन. म्हणजे पोराने वजाबाकी केली, नीट केली, फक्त प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक काढला. त्याला ४०३ वजा १२७ दे, ३२४ लिहील, पैज लावते. ही नजरचूक नाही, हा त्याचा नियम आहे, आणि तो नियम बहुतेक आपणच दिलेला असतो. माझ्याकडे एक मुलगा होता, अख्खी सहामाही मी त्याच्या वहीत लाल फुल्या मारल्या, शेवटी एकदा जवळ बसवून विचारलं की बाबा कसं केलंस ते सांग तरी. तर म्हणतो, "बाई तुमीच सांगितलात ना लहानातून मोठं जात नाय, म्हणून मी मोठ्यातून लहान घालवलं." काय बोलणार? पोरगा माझंच ऐकत होता.

तेव्हा पहिलं काम म्हणजे चुकलेलं उत्तर दिसलं की चूक-बरोबर काही न म्हणता "कसं केलंस?" एवढंच विचार. आणि बरोबर आलेल्यालाही विचार, नाहीतर पोरं हुशार असतात, बाईंनी विचारलं म्हणजे चुकलं हे आठवड्यात ओळखतात आणि खोडरबर घेतात.

आता ५२ वजा २७ चा इलाज. त्याला दुकानातलं काही लागत नाही. खराट्याचे हीर घे, वीतभर तोड (टोकं बोथट कर, डोळ्यात जातात), दहा-दहाच्या जुड्या बांध, रबर उन्हाने तुटतात म्हणून केळीच्या सोपटाने बांधल्या तरी चालतं आणि बांधायचं काम मुलांनाच दे, कारण दहा मोजून बांधताना हाताला जे कळतं ते तयार जुडी हातात दिल्यावर कळत नाही. मग पाच जुड्या दोन सुटे समोर ठेव आणि सांग, यातले २७ मला दे. बस. लिहायचं काही नाही. बघ काय करतात. बहुतेक जण आधी दोन जुड्या उचलून देतील, मग सात द्यायला जातील, सुटे दोनच, मग जरा इकडेतिकडे बघतील आणि कुणीतरी म्हणेल "बाई, जुडी सोडू?" त्या प्रश्नासाठी थांबायचं. आपल्याला घाई असते, आपणच सांगून टाकतो की दशक सुटा करा, आणि तिथेच सगळी माती होते. हो, आणि त्यांनी आधी जुड्या आणि मग सुटे असं डावीकडनं केलं तर करू दे, एककापासूनच सुरू करायचं हा कागदावरचा शिष्टाचार आहे, हातात हीर असताना त्याची गरज नाही.

हे किती दिवस? आपण एक तास करतो आणि वहीकडे पळतो. निदान आठ-दहा दिवस तरी कर. मग हीर समोर असतानाच बाजूला अंकात लिहायचं, जुडी सोडली की लगेच ५ वर काट, ४ लिही, सुटे १२ झाले ते लिही. नंतर हीर झाकून ठेवायचे, अडलं तरच उघडायचे. तुझी मुलं कार्डांशी खेळतात आणि वहीत तेच लिहितात त्याचं कारण मला हेच वाटतं, खेळ एकीकडे आणि वही एकीकडे, मधला साकव कुणी घातलाच नाही.

आणि तो "उसना" शब्द जरा जपून गं. एका पोरीने मला विचारलं होतं, बाई उसनं घेतलंत ते परत कधी द्यायचं? वाडीत उसनी घेतलेली वाटीभर साखर दुसऱ्या दिवशी परत जाते, तिचा प्रश्न शंभर टक्के बरोबर होता. आपण ते दहा परत देतच नाही, कारण ते उसने नसतातच, आपलीच जुडी आपणच सोडलेली असते. तेव्हापासून मी "जुडी सोडली" म्हणायला लागले.

काही पोरांना तरीही उभी मांडणी जड जाते, त्यांना दुकानदाराची रीत दे. २७ रुपयांची वस्तू घेतली आणि ५२ दिले, तर दुकानदार वजाबाकी करत नाही, तो मोजत वर चढतो, २७ ला ३ घातले ३०, वर २० घातले ५०, वर २, झाले २५. पडवीत खडूने लांब रेघ मार, २७ वर मुलाला उभं कर आणि ५२ पर्यंत उड्या मारायला सांग, पण कमीत कमी उड्यांत. पहिल्या दिवशी एकेक करत पंचवीस उड्या मारणारे असतील. ते चार दिवसांनी तीन उड्यांवर येतात, आणि हे कुणी शिकवलं नाही तरी एकमेकांचं बघून येतात.

दुसरी गोष्ट तू लिहिली नाहीस पण तुझ्या वर्गात असणारच, आपले मराठी आकडे. छत्तीस ऐकून ६३ लिहिणारं पोर वेंधळं नसतं, आपण "छ" आधी बोलतो आणि "तीस" नंतर, ते ऐकल्या क्रमाने लिहितं. त्यातनं एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस म्हणजे पुढच्यातनं एक उणा, हे आपण कधी फोडून सांगतच नाही, आणि ८९ पर्यंत हा नियम चालतो नि ९९ ला बरोबर दगा देतो, ते नव्व्याण्णव. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात एकवीस, बावीसला "वीस एक, वीस दोन" असं आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता आठवतंय? मंगला नारळीकर त्या गणिताच्या समितीच्या प्रमुख होत्या, बिचाऱ्यांची टिंगल करणाऱ्यांनी पहिलीच्या वर्गात एक दिवस काढला असता तर गप्प बसले असते असं माझं स्पष्ट मत आहे. त्रेपन्न सोडायचं नाहीच, पण "पन्नास आणि तीन" याचा जिना वापरायला काय हरकत आहे. लग्नपत्रिका काप. एक रुंद तुकडा ५० चा, अर्धा तुकडा ३ चा, तो शून्यावर ठेवला की ५३. तोंडाने म्हणायचं, पन्नास आणि तीन, त्रेपन्न. इथे मे महिन्यात एकेका घरात पन्नास पत्रिका येतात, फुकट कार्डशीट.

पाढ्यांचं. घडाघडा म्हणतात हे वाईट नाही हं, हल्ली पाठांतराला नावं ठेवायची फॅशन आहे, मला ती पटत नाही. पण त्यांच्याकडे सहाचा पाढा गाण्यासारखा आहे, मधली ओळ विचारली की आपणसुद्धा गाणं पहिल्यापासून म्हणतो की नाही? म्हणून गाण्याबरोबर चित्र लागतं. अंड्यांचा रिकामा ट्रे माग कुठल्याही दुकानात, ३० चा असतो, पाच गुणिले सहा. तो फिरव, सहा गुणिले पाच, खड्डे तेवढेच. आता सहा साते अडलं ना? सहा ओळींत पाच-पाच म्हणजे ३०, शेजारी सहाच्या आणखी दोन ओळी खडे मांड, १२, झाले ४२. सात आठे? पाच आठे ४०, दोन आठे १६, ५६. पाचाचा आणि दोनाचा पाढा सगळ्यांनाच येतो, त्या दोघांच्या खांद्यावर बसून सात सर करता येतो.

आणि मुलांना ही गंमत सांग, की दहापर्यंतचे पाढे म्हणजे शंभर गोष्टी पाठ करायच्या असं वाटतं, पण एक, दोन, पाच आणि दहाचे सोडले आणि तीन चोक नि चार त्रिक एकच धरलं, तर उरतात फक्त २१. तक्ता करून त्यांनाच मोजू दे. त्यात नऊच्या पाढ्यात उत्तराच्या अंकांची बेरीज नऊ येते हे कुणीतरी शोधतंच, मग खरी मेहनत पंधराचीच. चौथीच्या पोराला शंभराचे पंधरा झालेले दिसले की त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो.

भागाकाराला तर तू चांगल्या जागी आहेस, कोळणीचा वाटा बघितलायस ना? २४ बांगडे, चार वाटे करायचे, एकेकात किती? हा एक प्रश्न. २४ बांगडे, सहा-सहाचा वाटा, वाटे किती? हा दुसरा. दोन्हीत भागाकार, पण पोराच्या डोक्यात ही दोन वेगळी कामं असतात, पहिल्यात ते एकेक वाटत जातं, दुसऱ्यात सहा उचलून बाजूला ठेवतं. आपण दोन्हीला एकच खूण लावतो आणि म्हणतो समजत कसं नाही. बांगडे म्हणजे काजूच्या बिया किंवा खडे घे. मग २६ दे आणि चार वाटे करायला सांग. दोन उरतात. बाकी दोन असं आपण लिहून मोकळे होतो, तिथे थांब आणि विचार, त्या दोनांचं काय करायचं? एक म्हणतो मांजरीला, एक म्हणते ओळखीच्या गिऱ्हाइकाला वर घालायचे, एक म्हणतो कापून अर्धा-अर्धा. आता दोन बांगडे चौघांत अर्धे-अर्धे बरोबर जातात, अपूर्णांक सुरू झाला की! हर्णैच्या बंदरावर संध्याकाळचा लिलाव होतो तो एखाद्या सहलीत दाखव, टोपलीची बोली कशी चढते ते पोरं तोंड उघडं ठेवून बघतात.

यात एक जपायचं. कुणाची आई मासळी विकते, कुणाचे बाबा मुंबईला, कुणाच्या बागा, वाडीत सगळ्यांना सगळं माहीत असतं. "तुझी आई विकते ना, मग तू सांग" असं चारचौघांत कधी नको, पोर मिटून जातं. त्याचं उत्तर आपोआप आधी येईल, तेव्हा फक्त "कसं केलंस" विचार.

कारण ही बाजारात बसणारी पोरं तोंडी हिशोबाला पक्की असतात आणि वहीत गळपटतात. ब्राझीलच्या रेसिफे शहरात संशोधकांनी हेच बघितलं होतं, १९८५ साली ते छापून आलं. रस्त्यावर विकणारी पाच मुलं, बाजारात गिऱ्हाईक बनून विचारलं तर शंभरातली अठ्ठ्याण्णव उत्तरं बरोबर, आणि तसलीच गणितं नुसती आकड्यांत कागदावर दिली तर चाळीस टक्केसुद्धा नाहीत. त्यातला एक बारा वर्षांचा पोरगा नारळ विकायचा, ३५ ला एक. दहाचे किती? त्याने दहाने गुणून पुढे शून्य नाही लावलं, तीन नारळांचे १०५, आणखी तीन, २१०, आणखी तीन, ३१५, आणि एक, ३५०. पोरं पाचच होती, त्यावरून जगाचे नियम करू नयेत, पण नारळवाला मला तरी ओळखीचा वाटला, माझ्या वर्गात असे दोन-तीन दर वर्षी असायचे आणि मी त्यांना कच्चे समजत होते.

दोन वर्ग एकत्र आहेत त्याची कटकट वाटून घेऊ नको. रोज परिपाठानंतर दहा मिनिटं, फळ्यावर एकच गणित, ३८ अधिक २७ म्हण, वही-पेन्सिल बंद, उत्तर आलं की छातीपाशी अंगठा दाखवायचा, ओरडायचं नाही (ओरडणारा एक असतो आणि बाकी सगळ्यांचा विचार तिथेच थांबतो). मग रीती विचार. कुणी ३० आणि २०, ८ आणि ७ करेल, कुणी ३८ ला दोन घालून ४० आणि मग २५, कुणी मनातच उभी मांडणी. तिन्ही लिही फळ्यावर, ज्याची रीत त्याचं नाव द्यायचं, "स्वराची रीत". तिसरीचं पोर चौथीच्या रीती उचलतं आणि चौथीचं समजावून सांगताना स्वतः पक्कं होतं. दुसरे शिक्षक तयार असतील तर पहिली-दुसरीही बसू दे.

प्रेरणा मागितलीस ना, ती डहाणूची देते, आपल्याच किनाऱ्यावरची. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, जन्म १९०५, डहाणूचा. नाशिकजवळ देवळालीला शाळामास्तर होते, आयुष्यभर. १९४९ साली त्यांना ६१७४ सापडला. कुठलाही चार अंकी आकडा घे, चारही अंक सारखे नकोत, अंक उतरत्या क्रमाने मांड, चढत्या क्रमाने मांड, मोठ्यातनं लहान वजा कर. आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ येतोच. मी एकदा सहज त्यांचं जन्मसालच घेतलं, १९०५. ९५१० वजा ०१५९, ९३५१. पुढे ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि ६१७४. बरोब्बर सात, पूर्ण सातच्या सात! एकटीच हसले.

तुझ्या कामाचं यात काय, तर पोरं रडत-रडत पाच वजाबाक्या करतात ती ह्यात सात स्वतःहून करतात, आणि उत्तर बरोबर आहे का हे तपासायला बाई लागत नाही. दहा फेऱ्या झाल्या तरी ६१७४ येत नाही म्हणजे मध्ये कुठेतरी चुकलं, मागे जा, शोध. तिसरीला तीन अंकी दे, तिथे ४९५ येतो. ३५२ घेतला तर २९७, ६९३, ५९४, ४९५. मधला अंक दर वेळी नऊच येतो आणि कडेच्या दोघांची बेरीजही नऊ, हे सांगू नको, चार दिवस वाट बघ. ९९ आला तर ०९९ लिहायचं, नाहीतर गोंधळ होतो. मात्र ज्याला अजून जुडी सोडणं कळलेलं नाही त्याला यात ढकलू नको, त्याला हीरच दे, नाहीतर खेळ पण नकोसा होईल.

चौथीला डिसेंबरनंतर वेळ आणि अपूर्णांक आले की पाऊणकी काढ. जुन्या माणसांना पावकी, निमकी, पाऊणकी (पाव, अर्धा, पाऊणचे पाढे) पाठ असायची, आपण ती सोडून दिली, पण तुझ्या वाडीतले म्हातारे तांडेल, होडी हाकणारे, अजून वापरतात. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थी, चार पाऊणे तीन, तीन वाजता भरती. अष्टमी, आठ पाऊणे सहा. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं, पण ढोबळ जमतं, कारण भरती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते. पोरांना कॅलेंडरवरून तिथी बघून आधी वेळ काढू दे आणि मग घरी आजोबांना विचारून यायला सांग. पाणी कुठवर येतं ते बघायला मात्र एकट्याने जायचं नाही हे दहादा बजाव.

पावसाळ्यात सरळ उभ्या बाटलीला पट्टी लावून पाऊस मोजा, रत्नागिरी जिल्ह्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो, आलेख काढायला याहून जास्त माल कुठे मिळणार.

तपासणीचं टेन्शन असेल तर, निपुण भारतमध्ये (वाचन-गणिताचा पाया पक्का करायची ती सरकारी मोहीम) तिसरीपर्यंत गणितात जे मागतात त्यातलं बरंचसं यात येतंच. रजिस्टरला "दशक सुटा करणे, कृती" असं लिही, जुडी सोडली असं लिहू नको, साहेब विचारत बसतील.

सोमवारी एवढंच कर, तुझ्या तिसरी-चौथीच्या सगळ्यांना ५२ वजा २७ दे आणि एकेकाला विचार, कसं केलंस. वहीच्या मागच्या पानावर त्यांच्याच शब्दांत उतरवून घे आणि मला पाठव, मग पुढचं बोलू. आणि ती लॅमिनेशनची कार्डं टाकून देऊ नको हो, उलटी करून त्यावर बोर्डाच्या मार्करने कापरेकरांच्या वजाबाक्या करायला फक्कड होतात, पुसायला जुन्या साडीचा ओला तुकडा ठेव.